अंधारातली खळ

३ मार्च, सकाळी दहा

नात होस्टेलला जाताना हा फोन माझ्या हातात देऊन गेली. आजी, तू नुसतं बोल, लिहायचं काम ह्याचं. पंचाहत्तर वर्षं "मला कुठे लिहिता येतं" ह्या एका वाक्यावर निभावून नेलं, आता ती सोयही गेली.

तर रोजनिशी. नियम तीन. रोज बोलायचं. खरं बोलायचं. सूनबाईबद्दल तक्रार करायची नाही.

तक्रार नाही, नुसती नोंद. सूनबाईने माझं कपाट घेतलं. माझे कपडे दोन बॅगांत कोंबून पलंगाखाली, आणि कपाटात घेवड्याच्या बारा कुंड्या. दाराच्या फटींना आतून काळं कापड. म्हणाली, आई, फक्त एप्रिलपर्यंत. मी म्हटलं, घे गं, तुझंच घर आहे. कुठल्या आवाजात म्हटलं ते फोनला लिहिता येत नाही हे बरं आहे.

४ मार्च, दुपार

कुंड्यांचं प्रकरण समजून घेतलं. सूनबाई कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, पण कच्च्या नोकरीवर. पक्की व्हायची तर पीएचडी पाहिजे. पीएचडीला नऊ वर्षं झाली. तेवढ्यात नात तिसरीची कॉलेजात गेली. आता विद्यापीठाने शेवटची मुदत दिलीय, एप्रिलअखेर. ती चुकली की नाव कमी, आणि नाव कमी झालं की पुढच्या वर्षी नोकरी नाही. कॉलेजातली अंधारखोली दुरुस्तीला काढलीय म्हणून माझं कपाट.

मी ठरवलंय, घरातलं एकही काम तिला करू द्यायचं नाही. उद्यापासून.

५ मार्च

आज तिने मला तिचा विषय सांगितला. मी बटाटे सोलत होते. म्हणाली, आई, पान उन्हात साखर करतं, आणि उरलेली साखर मण्यासारखी ओवून माळ करून ठेवतं. त्या माळेला म्हणतात स्टार्च. स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. अंधारात ऊन नाही, म्हणून पान एकेक मणी सोडवून खातं. किती तासांत सगळं संपतं, ते मी मोजते.

मी म्हटलं, स्टार्च म्हणजे आपली खळच ना? तर म्हणाली, हो, खळच.

हसूच आलं. एवढी नऊ वर्षं, आणि शेवटी खळ! आमची लाँड्री चाळीस वर्षं चालली. खळीतलं मला कोण शिकवणार? गल्लीतली पोरं अजून मला खळआजी म्हणतात. बोट बुडवून सांगते, कॉलरची आहे की चादरीची.

पण पुढचं माहीत नव्हतं. म्हणाली, सुती कापड पण साखरेच्याच मण्यांचं. फक्त एक मणी सुलटा, एक उलटा असे ओवलेले, म्हणून माळ गुंडाळत नाही, ताठ राहते, आणि शेजारच्या माळेला घट्ट धरून बसते. त्याचा दोर होतो, झाडाचं खोड होतं, कागद होतो. आपल्या पोटाला ती गाठ सुटत नाही. म्हणजे मी जन्मभर साखरेला साखर फासून वर इस्त्री फिरवली. आणि माझं कपाट लाकडाचं, म्हणजे तेही साखरेचंच.

एक टोमणाही बसला. तिच्या पांढऱ्या कोटाच्या कॉलरला मी आतून कापडाचा मासा टाचलाय. म्हणाली, आई, कॉलेजात हसतात हो. हसू देत. लाँड्रीत मी चिठ्ठ्या कधी लावल्या नाहीत. प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण ठरलेली, जाड काळ्या कापडाची कापलेली, कॉलरला टाचायची. कोणाची कात्री, कोणाचा चंद्र, कोणाचा घडा. आमच्या घरचा मासा. कापताना शेपूट उडाली ती उडालीच, मग तशीच खूण पडली, बिनशेपटीचा मासा. चाळीस वर्षांत एक रुमाल बदलला नाही.

चोरी गेली तेवढीच. एकदा खळ सारखी कमी पडायला लागली. मी नुसत्या डोळ्यांवरून ओळखलं, आमच्याकडची इस्त्रीवाली. त्याच दिवशी काढून टाकली. शपथा घेत होती. चोर शपथा घेतातच. माणूस ओळखण्यात मी कधी चुकले नाही.

६ मार्च, संध्याकाळी सात

तीन दिवस अंधारात ठेवलेल्या रोपांची आज परीक्षा. सूनबाईने प्रत्येक कुंडीचं एक पान तोडलं, उकळत्या पाण्यात बुडवलं, मग स्पिरिटमध्ये गरम केलं. घरभर दवाखान्याचा वास. पानातला हिरवा रंग स्पिरिटमध्ये उतरला, पान पांढरंफटक. त्यावर तपकिरी आयोडीनचे थेंब. खळ असेल तर पान निळं-काळं होतं.

झालं नाही. बाराच्या बारा पानं तशीच पांढरी, वर नुसता चहा सांडल्यासारखा रंग. सूनबाई खूश. काही झालं नाही म्हणून खूश होणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. म्हणाली, बरोबर आहे, सगळं खाऊन संपलं. असे आणखी चार घाणे निघाले की प्रबंध पुरा. थोडा नीरस आहे, पण पुरा.

मी म्हटलं, खाऊन संपलं म्हणजे उपाशी की गं ती! तिने ऐकलं नाही.

७ मार्च

नव्या बारा कुंड्या आत गेल्या. दार लावताना मी तिथेच होते. हिरवीगार, लुसलुशीत. एकीचं पान दारात अडकत होतं, सूनबाईने बोटाने आत ढकललं.

दुपारी डोळा लागला नाही. माझी खाट कपाटाला लागूनच आहे.

लाँड्रीच्या मागे खळीच्या पोत्यांची खोली होती. खिडकी नाही. मुलगा चार वर्षांचा असताना मी त्याला तिथे बसवून बाहेरून कडी घालायची. गिऱ्हाइकांची गर्दी दहा ते दोन, दुकानात रसरसलेल्या इस्त्र्या, काय करणार? तो रडायचाही नाही. तेच जास्त लागतं.

हे कोणाला कधी सांगितलं नाही. फोनला सांगितलं. फोन काही म्हणाला नाही.

८ मार्च

निर्धार: कपाटाला हात लावायचा नाही. हा तिचा अभ्यास आहे. मी खाट दुसऱ्या भिंतीला सरकवली.

९ मार्च, दुपारी अडीच

दोन कुंड्या बाहेर काढल्या होत्या. फक्त माझा चहा होईपर्यंत. स्वयंपाकघराच्या खिडकीत चांगलं ऊन येतं. चहा दहाला घेतला, दोनला संपला. आता परत आत ठेवल्यात. पानं अशी तरतरीत झालीत! थोड्या उन्हाने कोणाचं काय बिघडतं? उलट सूनबाईचीच रोपं जगली.

९ मार्च, रात्री आठ

बिघडलं.

दहा पानं पांढरी, दोन निळी-काळी. सूनबाई बशीकडे बघत उभी. मी तोंड उघडणार होते, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात ती ओरडली, आनंदाने! म्हणाली, आई, ह्या दोन रोपांनी अंधारात खळ खाल्लीच नाही! राखून ठेवली! हे आजवर कोणी पाहिलं नाही!

मला वाटतं, पाहिलं नसेल हे खरं आहे.

तिने लगेच तिच्या पीएचडीच्या सरांना फोन लावला. नऊ वर्षांत त्या सरांशी बोलताना ती पहिल्यांदा बसून बोलली. एरवी फोनवरसुद्धा उभी राहते. अशा वेळी मध्ये बोलणं बरं दिसत नाही. उद्या सांगते.

१० मार्च

सर म्हणाले, पुन्हा करून दाखवा. कुंड्या आत. आज मी सांगणार होते, पण मुलगा लवकर घरी आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर काळोख्या खड्ड्यात दोरखंडांना लटकतो आणि घरी येऊन शीळ घालतो. त्याच्यासमोर सांगायचं म्हणजे, कुंड्या का काढल्या, हेही सांगावं लागेल. उद्या.

१३ मार्च

ह्या खेपेला मी हात लावला नाही. शब्दाची पक्की आहे मी. बाराच्या बारा पानं पांढरी.

सूनबाईने बशा धुतल्या. जेवली नाही. मुलगा म्हणाला, अगं थोडं तरी खा. तर म्हणाली, लिव्हरमध्ये ग्लायकोजेन आहे, एक रात्र निघेल. तो गंमत समजून हसला. मग मला म्हणाली, आई, प्राण्यांची माळ वेगळी असते, फार फाटे फुटलेली, म्हणजे गरज पडली की शंभर टोकांनी एकदम मणी तोडता येतात. हे सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. खळीवर रडणारी माणसं मी लाँड्रीत पाहिली आहेत, पण त्यांचे शर्ट जळलेले असायचे.

मी पण जेवले नाही. म्हणजे कमी जेवले.

१४ मार्च, सकाळी सहा

रात्रभर विचार केला. आत्ता खरं सांगितलं तर ती खचेल. तिला आधी उभी करायची, मग सांगायचं. हाच शहाणपणा.

१६ मार्च

चार कुंड्या काढल्या. ह्या वेळी लपूनछपून नाही, रीतसर. अडचण एवढीच की सगळी रोपं एकसारखी आणि कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या मला वाचता येत नाहीत. काल ऊन खाल्लेलीला आज परत ऊन, आणि कोपऱ्यातली बिचारी तशीच, हा अन्याय. म्हणून डब्यातून आमच्या जुन्या खुणा काढल्या. बाहेर काढलेल्या कुंडीच्या एका पानाला काळा मासा, नातीच्या केसांच्या क्लिपने अलगद लावायचा. दोन वाजता आत ठेवताना मासा काढून घ्यायचा आणि कुंडीच्या मातीत काडी खोचायची. शिस्त म्हणजे शिस्त.

संध्याकाळी चार पानं निळी-काळी. सूनबाईने मला मिठी मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मला श्वास घेता येईना. घट्ट मारली म्हणून नव्हे.

१८ मार्च

कपाटात झुरळ निघालं. मी चप्पल उचलली, तर सूनबाई म्हणाली, थांबा, त्याचं कवचसुद्धा साखरेच्याच माळेचं, आपल्या कापडाच्या सख्ख्या बहिणीचं. मी म्हटलं, म्हणून काय त्याला कोटाला टाचू? खूप हसली. हल्ली खूप हसते.

तिने जुना नीरस प्रबंध बाजूला ठेवला. नवा लिहितेय, कपाटातल्या हट्टी रोपांवर. मी विचारलं, जुना फेकला नाहीस ना? म्हणाली, त्यात काय होतं, आई? सगळे जे होणार म्हणतात, तेच झालं होतं.

मी स्वयंपाकघरात गेले. सोडा घेतला.

१९ मार्च

औषधाच्या दुकानात रांगेत ती इस्त्रीवाली भेटली. म्हातारी झालीय. दर वेळी मला हात जोडते, बरं आहे ना बाई म्हणते. मी दर वेळी औषधाच्या बाटलीवरचं वाचत असल्यासारखं करते. तिला माहीत आहे मला वाचता येत नाही. असू दे. तिचं तिला कळलं पाहिजे.

२० मार्च

पाच कुंड्या. पाच पानं निळी. सांगणं राहिलं, कारण गॅस संपला.

२१ मार्च

आज फोनसमोर तालीम केली. "सूनबाई, बस. मी कुंड्या काढत होते." दोन वाक्यं. सोपी आहेत. पाच वेळा म्हटली. सहाव्या वेळी ती खोलीत आली आणि म्हणाली, कोणाशी बोलताय आई? मी म्हटलं, नातीशी. तिने विचारलं, काय म्हणतेय? मी म्हटलं, अभ्यास कर म्हणाले तिला.

नियम दोन तात्पुरता बाजूला.

२३ मार्च

सर घरी येणार! सत्तावीस तारखेला, स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. त्यांचं समाधान झालं की मुदतीच्या आत प्रबंध जमा आणि नोकरी पक्की. सूनबाई पडदे धुवायला काढतेय. मी म्हटलं, खळ मी करते. निदान तेवढी तरी माझ्या हातची खरी.

आता पेच असा. कुंड्या काढल्या नाहीत तर सरांसमोर सगळी पानं पांढरी आणि ती तोंडघशी. काढल्या तर सरांच्या डोळ्यांत धूळ. सांगून टाकलं तर... तो तिसरा रस्ता मी सत्तावीसनंतर घेणार आहे. सर येऊन जाऊ देत.

२६ मार्च

बाराच्या बारा आत आहेत. पडदे असे झालेत की उभे राहतील. खळ अजून हातात आहे माझ्या.

२७ मार्च, सकाळी नऊ

सूनबाई सरांना आणायला गेली. मुलगा घरी थांबलाय, खुर्च्या पुसतोय. सर तीनला येणार. मी सहा कुंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्यात. मुलगा म्हणाला, ह्या बाहेर कशाला? मी म्हटलं, तुला काय कळतं त्यातलं. तर म्हणाला, ते खरं, आणि परत खुर्च्या पुसायला लागला. चांगला मुलगा आहे.

सहाही माशांना क्लिप नीट बसलीय. ही शेवटची वेळ.

२७ मार्च, संध्याकाळी सात

सांगते. सगळं एकदम सांगून टाकते.

सर शांत माणूस. पांढरे केस, झोळीत स्वतःची आयोडीनची बाटली. माझ्या पडद्यांना हात लावून म्हणाले, वा. मला वाटलं, निभावलं.

सूनबाईने कपाट उघडलं, प्रत्येक कुंडीचं एक पान तोडायला हात पुढे केला. सर म्हणाले, एकेक नको. एका कुंडीची सगळीच पानं घेऊ. त्यांनी बोट दाखवलं ती कुंडी माझी होती. सहातली एक.

नऊ पानं. पाणी, स्पिरिट, परत पाणी, बशी. सरांनी स्वतःच्या बाटलीतलं आयोडीन टाकलं. पानं निळी होत गेली. सूनबाईने माझ्याकडे बघून हसून मान हलवली. मी पण हलवली. देवा.

मग सर वाकले. चष्मा वर केला. म्हणाले, हे काय आहे?

शेवटच्या पानावर, निळ्या-काळ्याच्या बरोबर मध्ये, पांढरा मासा. काठ असे स्वच्छ, जसा आत्ताच कात्रीने कापलाय. शेपूट नाही.

जिथे माझं काळं कापड होतं तिथे ऊन पोचलं नव्हतं, म्हणून तिथे खळ नव्हती. बाकी पानभर होती. आंधळ्यालाही कळलं असतं की हे झाड तीन दिवस अंधारात नव्हतं. मी मासा काढून घेतला होता हो. पानाने ठेवून घेतला.

सरांनी परत विचारलं, हा मासा कशाचा? आणि दारातून माझा मुलगा, भोळा, अभिमानाने म्हणाला, ही आमच्या घराची खूण. आईची. सगळ्या कपड्यांवर असते, बघा ना, हिच्या कोटावर पण आहे.

सरांनी कोटाची कॉलर बघितली. बशी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, तेच वाईट. म्हणाले, आजी, खूण पक्की आहे तुमची.

सूनबाईने कोट काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला आणि सरांना सोडायला खाली गेली. अर्ध्या तासाने वर आली ती थेट खोलीत. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२८ मार्च

बोलत नाही.

२९ मार्च, सकाळ

बोलली. मोजकंच. सर मुदतवाढीसाठी शेवटचा अर्ज करून बघणार आहेत, सहा महिन्यांचा. मिळेल की नाही सांगता येत नाही. जुन्या नीरस प्रबंधाचे पाचही घाणे नव्याने करावे लागतील, कारण आता मार्चमधल्या एकाही पानावर तिचा विश्वास नाही. अर्जात कारण लिहायचं होतं. तिने विचारलं, आई, काय लिहू? मग तिनेच लिहिलं आणि वाचून दाखवलं, "घरगुती अडचण."

मी घरगुती अडचण आहे. नऊ वर्षं त्या बाईने रोज पहाटे उठून जे शिवलं, ते मी एका चहात उसवलं. आणि म्हणत राहिले, मदत केली.

२९ मार्च, दुपारी चार

शेवटी सांगितलं. दोन वाक्यांनी भागलं नाही, पाऊण तास लागला. सूनबाई ओट्याशी पाठमोरी उभी होती, मी पाठीला सांगितलं. कुंड्या का काढल्या तेही. मागची खोली, कडी, दहा ते दोन, चार वर्षांचं पोर काळोखात. म्हटलं, त्याला बाहेर काढता आलं नाही म्हणून ह्यांना काढत होते. मला क्षमा कर म्हणत नाही. नुसतं तुला माहीत असू दे.

मुलगा दारात कधी आला कळलं नाही. मला वाटलं आता हा रडणार. चाळीस वर्षं मी ह्याच क्षणाला भीत आले.

तो हसायलाच लागला. म्हणाला, ती खोली? अगं आई, मी मजेत होतो तिथे! पोत्याला भोक पाडलं होतं मी. खळीचे खडे काढून चघळत बसायचो. पहिल्यांदा पिठासारखे लागायचे, मग हळूहळू गोड व्हायचे. पोटभर खायचो आणि पोत्यावरच झोपायचो. म्हणून तर रडायचो नाही. आणि अंधाराचं म्हणशील तर मी आजही अंधारातच काम करतो, मला काय त्याचं?

सूनबाई वळली. तिच्यातल्या मास्तरणीला राहवलं नाही. म्हणाली, थुंकीने खळीची माळ तुटते, मणी सुटे होतात, म्हणून गोड. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, रोपंही तेच करतात, आई. काळोखात आपली खळ खात बसतात. काळोखासाठीच तर ठेवलेली असते ती. त्यांना काही होत नव्हतं.

म्हणजे रोपांना काही होत नव्हतं. मुलालाही काही होत नव्हतं. चाळीस वर्षं मी ज्याच्यासाठी स्वतःला खात आले, ते काही नव्हतंच. हलकं वाटलं. अर्धा तास.

२९ मार्च, संध्याकाळी सहा

खळ कमी पडत होती.

खळ कमी पडत होती म्हणून मी इस्त्रीवालीला काढलं होतं.

३० मार्च

उद्या जाते.

३१ मार्च, संध्याकाळी पाच

गेले. बस डेपोच्या मागे राहते, दुसऱ्या मजल्यावर. प्रत्येक जिन्याला वाटलं, गुडघे दुखतायत, परत फिरावं. गुडघे खरंच दुखत होते, पण ते कारण नव्हतं.

तिने दार उघडलं, हात जोडले. मी उंबऱ्यातच म्हटलं, खळ तू नव्हती घेतली. माझ्या पोराने खाल्ली. मला परवा कळलं.

ती म्हणाली, मला तेव्हाच माहीत होतं, बाई. दोनला तुम्ही कडी काढलीत की मीच त्याचं तोंड पुसायची. ओठांना पांढरं लागलेलं असायचं.

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

म्हणाली, मारताना तुमचा हात फार जड पडायचा. आणि पोर चार वर्षांचं. मला काय, दुसरीकडे काम मिळालं असतं.

मी विचारलं, मिळालं?

म्हणाली, दोन वर्षांनी.

मग चहा ठेवला. साखर किती ते विचारलं नाही. माझ्या कपात दोन चमचे टाकले, ढवळला आणि पुढे केला. मी प्यायले. गोड होता. संपेना.